घोडीले हिव वाजते का?

आमच्या घरी हिवाळा आईच्या तोंडून येतो. कोजागिरीचं दूध झालं की दोन-चार दिवसांत एखाद्या पहाटे ती अंगणात उभी राहते, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेते आणि कोठ्याकडे बघत म्हणते, "मुकं जनावर हाये, थिच्या आंगावर काही टाकसान का नाही?"

बाबा होते तोवर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "हिव तुले वाजते. घोडीले वाजते हे तुले कोनं सांगतलं?"

आई वाद घालायची नाही. रात्री सगळे निजले की कोठ्यात जाऊन घोडीच्या पाठीवर एक पोतं टाकून यायची. पहाटे बाबा ते काढून खुंटीला अडकवायचे. पोत्याची ही ये-जा महाशिवरात्रीपर्यंत चालायची. दोघांपैकी एकानंही तिचा कधी उल्लेख केला नाही.

घोडीचं नाव शेवंता. नुकरी आहे, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि नाकपुड्यांभोवती गुलाबी. बाबांनी ती २००६ मध्ये नांदेडकडच्या माळेगावहून आणली, खंडोबाच्या यात्रेतून. चार वर्षांची होती. मारवाडी वळणाची, कानांची टोकं एकमेकांकडे झुकलेली, कातडी पातळ. त्याआधी आजोबांचा टांगा दारव्ह्याच्या स्टेशनावर उभा राहायचा. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला यायची, उतारू उतरायचे, टांगे भरायचे. पुढे ऑटो आले, टांगे गेले, आता गाडीही बंद आहे. पण बाबांच्या हाताला लगामाची सवय होती, ती काही जाईना. नऊ एकर कापूस-तुरीच्या जोडीला त्यांनी वरातीची घोडी ठेवली. हा जोडधंदा की शौक, यावर घरात वर्षातून दोनदा भांडण व्हायचं. एकदा लग्नसराई संपल्यावर हिशेब करताना, आणि एकदा कडबा विकत घेताना.

झूल हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण थंडीशी त्याचा काही संबंध नाही. पोळ्याला बैलाच्या अंगावर पडते ती झूल. वरातीच्या घोडीवर असते तीही झूल. मखमल, जर, आरसे, गोंडे, झालर. शेवंताची झूल बाबांनी लाल रंगाची शिवून घेतली होती. वजन एवढं की दोघांना उचलावी लागे, आणि ऊब शून्य. ती नवरदेवाच्या व्हिडिओसाठी होती. जनावराला खरोखर पांघरायला काही लागलं तर आपल्याकडे फाटकं पोतं, जुनी वाकळ, सरकीचा बारदाना. शोभेला मखमल आणि गरजेला बारदाना, ही आपली जुनीच रीत. माणसांच्या बाबतीतही फार वेगळं नाही, पण तो विषय इथे नको.

२०२१ च्या उन्हाळ्यात बाबा गेले आणि घोडी माझ्याकडे आली. माझं तालुक्याला कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारे. जनावराचं म्हणाल तर मला तोबरा बांधता येत होता, एवढंच. त्या वर्षी कोजागिरीनंतर आईनं नेहमीचं वाक्य म्हटलं तेव्हा "हिव तुले वाजते" असं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. माझ्या तोंडून तर ते निघालंच नसतं. मी मोबाइल काढला.

मोबाइलमध्ये इंग्लंडातले घोडे निघाले. त्यांच्या झुलींचे प्रकार बघून मी थक्क झालो. आत कृत्रिम फायबर किती, त्याच्या ग्रॅमवर झूल ठरते: शून्य ग्रॅम, शंभर, दोनशे, तीनशे. बाहेर चरायची वेगळी, तबेल्यातली वेगळी, घाम टिपायची वेगळी, मानेला वेगळी टोपी. पारा अमुक अंशांवर आला की तमुक ग्रॅमची झूल, असे तक्तेच्या तक्ते. तसा तक्ता बघितला की दुकानदार माणसाला बरं वाटतं. एकरी किती, पंपाला किती, हे आम्ही दिवसभर सांगतच असतो. मी ठरवलं, शेवंताला झूल शिवायची. आणि आपण कापसाच्या मुलखातले, तर ती घरच्या कापसाची.

गादीवाल्यानं आधी विश्वासच ठेवला नाही. मग हसत हसत माप घ्यायला आला. घोडीला माप देताना दोनदा त्याची टेप तिनं तोंडात धरली. चार किलो कापूस पिंजून, वर जाड मांजरपाट, मध्ये टाके, छातीला दोन पट्टे. अशी रजई झाली की आई म्हणाली, "माह्या लग्नात मले अशी भेटली नाही."

पहिल्या रात्री ती घोडीवर पांघरून मी निवांत झोपलो. सकाळी कापूस वेचायला बाया आल्या होत्या, गडबड होती. झूल तशीच ठेवून मी नऊला दुकानात गेलो. विदर्भातला नोव्हेंबर कसा असतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पहाटे तेरा-चौदा अंश, तुरीच्या फुलांवर धुवारी, आणि दुपारी एकतीस. कोठ्यावर टिनपत्रे. दोनला परतलो तर शेवंता मान खाली टाकून उभी. नाकपुड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. झुलीखाली हात घातला तो कोपरापर्यंत ओला झाला. घरच्या कापसानं आपलं काम चोख केलं होतं. सगळा घाम पिऊन झूल दुप्पट जड झाली होती. मानेच्या मुळाशी, जिथे पाठ उंच होते तिथे, पट्टा घासून कातडं सोललं होतं. पांढऱ्या घोडीवर लाल जखम दुरूनही दिसते. त्या महिन्यातल्या दोन वराती गेल्या.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम धुतली आणि विचारलं, "थंडी वाजते हे कशावरून ठरवलं?"

मी म्हटलं, "पहाटे मलाच खूप वाजत होती."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, उघड्या अंगाच्या माणसाला अठ्ठावीस अंशांच्या खाली आलं की अंगातली उष्णता सांभाळायला लागते. घोड्याला साधारण पाच ते पंचवीस अंशांमध्ये काहीच करावं लागत नाही. अंगावर हिवाळी केस असले आणि पोट भरलेलं असलं, तर त्याहूनही खाली तो सहज उभा राहतो. आपल्याला स्वेटर लागतो त्या हवेत तो मजेत असतो. तुमच्या घोडीला त्रासाचा महिना मे आहे, डिसेंबर नाही.

घरी येताना हेच डोक्यात घोळत होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा आमच्या घरात कोणी "मुकं जनावर हाये" असं म्हटल्याचं मला आठवेना. बाबा तेवढे पत्र्यावर ओला बारदाना टाकायचे आणि घोडी लिंबाखाली बांधायचे. आम्ही कूलरसमोर. आपल्याला कूलर आहे म्हणून उन्हाळा दिसत नाही, आणि पहाटे उठून आपल्या अंगावर काटा येतो म्हणून हिवाळा मात्र दिसतो.

मग मला २०१८ ची ती रात्र आठवली. २९ डिसेंबरला नागपूरला पारा ३.५ अंशांवर आला होता, आजवरचा नीचांक. आमच्या गावात किती होता कोण जाणे, पण अंगणातल्या बादलीत हात घालवत नव्हता. आईनं बाबांना रात्री दोनला उठवलं. बाबा बॅटरी आणि घोंगडी घेऊन निघाले, मागून मी. मला वाटलं, आज म्हातारा हरला.

शेवंता वाऱ्याकडे पाठ करून उभी होती, शेपूट मांड्यांमध्ये दाबलेली. बॅटरीच्या उजेडात तिचं अंग वेगळंच दिसत होतं. एरवी गुळगुळीत चिकटून बसलेले केस सगळे उभे राहिलेले, मखमलीवरून उलटा हात फिरवल्यासारखे. बाबांनी घोंगडी माझ्याकडे दिली. पुढच्या पायाच्या कोपरामागे, छातीला पाय जुळतो त्या खोबणीत बोटं घातली आणि तिथेच थोडा वेळ ठेवली. मग माझा हात ओढून तिथे घातला. आत चुलीजवळ हात नेल्यासारखं ऊन होतं.

"कान पाह्य," ते म्हणाले. कान गार होते, पण गोठलेले नव्हते. "कान गार असले म्हनून घाबरू नोको. खोबनी गार लागली तं मंग मले उठव." मग कडब्याच्या दोन पेंढ्या सोडून गव्हाणीत टाकल्या. "झूल पोटात घालाव लागते."

त्या वेळी मला ते म्हाताऱ्या माणसाचं ऐटबाज बोलणं वाटलं होतं. डॉक्टरांनी त्याचा अर्थ सांगितला. घोड्याची वैरण पचते ती मुख्यतः पोटाच्या मागल्या भागात, मोठ्या आतड्यात. तिथे जंतू ती आंबवतात आणि त्या आंबण्यातून ऊब निघते. शेणखताच्या ढिगात हात घातला तर जसं गरम लागतं, तसंच. दाणा लवकर पचतो, ताकद देतो, पण तासन्‌तास धुमसत राहणारी शेगडी दाण्यात नाही, कडब्यात आहे. मी थंडी म्हणून हरभरा वाढवला होता आणि कडब्याला हात आखडला होता, कारण कडबा महाग. म्हणजे शेगडी विझवून वर रजई घातली होती. शिवाय थंडीत घोडं पाणी कमी पितं, आणि कोरडी वैरण आतड्यात अडकून पोट धरतं. तेव्हापासून हिवाळ्यात झुलीआधी मी बादली बघतो. पहाटे एक तपेलं ऊन पाणी त्यात ओततो. ती लगेच पिते. चहाची वाट बघणाऱ्या माणसासारखी पिते.

केसांची एक गोष्ट मला फार आवडली. हिवाळी केस थंडी पडल्यावर येतात असं मी समजत होतो. तसं नाही. दिवस लहान होऊ लागले की येतात. जून सरल्यावर उजेड घटायला लागतो, तो घोड्याच्या डोळ्यांतून मेंदूला कळतो आणि आपण पावसाळ्यात निंदणीच्या गडबडीत असतो तेव्हाच कातडीत हिवाळ्याची तयारी सुरू होते. इंग्लंडात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात नऊ तासांचा फरक पडतो. आमच्याकडे जेमतेम अडीच तासांचा. त्यात ही पातळ कातडीची जात. म्हणून आपल्या घोड्यांना तिकडच्यासारखी लोकर येत नाही, पण आपली थंडी बघून येते तेवढी पुरते. रात्रभर दिवा जळत ठेवला तर ही मोजणी चुकते. बाबांच्या काळी गावात लोडशेडिंग असायचं, संध्याकाळी सहाला जो अंधार पडे तो पडे. मी आल्यावर चोराच्या भीतीनं कोठ्यात रात्रभर एलईडी लावला. त्या साली घोडीचे केस बारीकच राहिले असं आई म्हणते. दिव्यानं की कशानं, पण आता दिवा अंगणात असतो आणि त्याचं तोंड रस्त्याकडे.

धंद्यातले काही जण लग्नसराईआधी घोडीचे केस भादरून घेतात. कातडी चकाकते, फोटो छान येतो. भादरली की मग झूल द्यावीच लागते, त्यात प्रश्न नाही. आपणच तिचं पांघरूण काढून घेतलेलं असतं.

घोडीला थंडीनं खरोखर कुडकुडताना मी एकदाच पाहिलं, आणि ती रात्र फार गार नव्हती. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. बरोबर थंडीच्या तोंडावर. आर्णीकडच्या एका गावातली वरात होती. नवरदेव अंगानं भरलेला, पुढे डीजे, दीड किलोमीटरला अडीच तास. पोरं नाचत होती आणि शेवंता जागच्या जागी पाय आपटत घामानं निथळत होती. साडेअकराला मोकळी झाली. छोट्या हत्तीत चढवली (घोडी हत्तीतून घरी येते हा आमचा जुना विनोद) आणि निघालो. हवा बारा-तेरा अंशांची असेल, पण उघड्या गाडीत पन्नासच्या वेगानं अंगावर येणारी, आणि अंग ओलं. ओले केस उभे राहत नाहीत. चिकटून बसतात, त्यांच्यात हवा धरली जात नाही, मग ते असून नसल्यासारखेच. अर्ध्या वाटेत मागून खडखड आवाज यायला लागला. मला वाटलं फाळका ढिला झाला. उतरून पाहिलं तर घोडी थरथरत होती आणि तिच्या नाला गाडीच्या पत्र्यावर वाजत होत्या.

त्या रात्री टांग्याच्या काळातला एक म्हातारा भेटला म्हणून बरं. रस्त्याकडेच्या वावरात तो जागलीला होता, जाळ करून बसलेला. त्यानं घोडी खाली उतरवायला लावली. वाळल्या गवताचा बोळा करून तिचं अंग रगडून काढलं, मला दुसऱ्या बाजूनं रगडायला लावलं. मग पाठीवर गवताचा हातभर थर पसरला आणि त्यावर पोतं टाकून सुतळीनं बांधलं. "आंग ओलं असंन तं कापड चिकटू देऊ नोको. खालून हवा पायजे," म्हणाला. पोत्याच्या विणीतून वाफ निघताना जाळाच्या उजेडात दिसत होती. अर्ध्या तासानं गवत ओलं आणि घोडी कोरडी. त्यानंतर त्यानं स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी तिच्यावर टाकली. मी पैसे देऊ लागलो तर म्हणाला, घोंगडी परत आणून दे म्हंजे झालं.

दिली. जाताना एक नवी घेऊन गेलो आणि त्याची जुनीच मागून आणली. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, आणि कापूस ओला झाला की उलटा गार पडतो. कापूस उत्पादकाच्या पोरानं हे कबूल करायला जरा जड जातं. घरच्या कापसाची ती झूल पुढे उसवून आईनं तिच्या दोन उशा केल्या.

आता शेवंताला बावीस वर्षं झाली. वराती बंद केल्या, लाल झूल ट्रंकेत आहे. दाढा झिजल्या, कडबा चावून चावून बोळे करून टाकते, म्हणून कुटी करून भिजवून देतो. बरगड्या हाताला लागतात. म्हणजे बाबांचं उत्तर आता तसंच्या तसं चालत नाही. तरण्या घोडीला पोटातली झूल पुरते, म्हातारीची शेगडीच मंद झालेली असते. पण पारा किती उतरला की पांघरायचं, हा तक्ता मी करू शकलो नाही. दुकानात एका कंपनीनं दिलेला थर्मामीटर कोठ्यात लावला आहे. नऊ अंश, कोरडी हवा, वारा नाही, अशा रात्री ती आरामात उभी असते. आणि फेब्रुवारीत सोळा अंश असताना अवकाळी येतो, गारा पडतात, वारा पत्र्याखालून घुसतो, तेव्हा घोंगडी आधी लागते. रात्री जेवणं झाली की जातो, खोबणीत बोटं घालतो, ठरवतो. टाकली तर सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आत काढायची, हा नियम मात्र पक्का. दुकान थांबलं तरी चालेल.

नॉर्वेतल्या काही संशोधकांनी २०१६ मध्ये छापलेला एक प्रयोग मध्यंतरी वाचला. त्यांनी २३ घोड्यांना खुणा ओळखायला शिकवल्या. पांढऱ्या फळीवर आडवी रेघ म्हणजे झूल घाला, उभी रेघ म्हणजे काढा, कोरी फळी म्हणजे आहे तसं राहू द्या. घोडं ज्या फळीला नाक लावील ते करायचं. दोन आठवड्यांच्या आत सगळी शिकली. मग उन्हाच्या दिवशी ती झूल नको म्हणत, आणि पाऊस-वारा-गारठा असला की हवी म्हणत. म्हणजे विचारायची सोय होती. आम्ही तीन पिढ्या घोडी बाळगली आणि आईबाबांनी पंधरा वर्षं एकमेकांशी वाद घातला, पण घोडीलाच विचारावं हे कोणाला सुचलं नाही.

मीही करून बघितलं. खताच्या पुठ्ठ्यावर चुना लावून तीन फळ्या केल्या, कोळशानं रेघा ओढल्या. तिकडे बक्षीस गाजर होतं, मी गूळ ठेवला. चार रात्री प्रगती जोरात होती. पाचव्या रात्री लक्षात आलं, की ती रेघ बघतच नाही. गूळ माझ्या कोणत्या खिशात आहे ते बघते आणि त्या बाजूच्या फळीला नाक लावते. सहाव्या रात्री तिनं आडव्या रेघेची फळी चावून खाल्ली. चुन्यामुळे असेल. याला हो समजायचं की नाही, ते नॉर्वेच्या लेखात नव्हतं.

काल रात्री अकरा अंश होतं. आई आता अंगणात येत नाही, गुडघे चालू देत नाहीत. बाजेवरूनच म्हणाली, "बाबू, थिच्या आंगावर काही टाकलं का?" घोंगडी घेऊन कोठ्यात गेलो. वारा नव्हता. शेवंता एक मागचा पाय सैल सोडून डुलक्या घेत होती, केस अर्धवट उभे. खोबणीत हात घातला. चांगलं ऊन लागलं. कुटीची पाटी भरली, पाण्यात ऊन पाणी ओतलं आणि घोंगडी तशीच खांद्यावर घेऊन परत आलो.

आई जागीच होती. पाय पोटाशी घेतलेले. तळव्यांना हात लावला तर बर्फ. मी घोंगडी तिच्या पायांवर टाकली, कडा खाली खोचल्या.

"घोडीचा वास येते इले," ती म्हणाली.

मी काढायला वाकलो, तर तिनं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.